जुन्या लॉन मोअरचं रेसिंग मशीन: इंजिनाला हात सगळ्यांत शेवटी

तुम्ही लिहिलंय की बसून चालवायचं एक जुनं लॉन मोअर तुमच्याकडे पडून आहे. उभ्या शाफ्टचं, एका सिलिंडरचं, १५ हॉर्सपॉवरचं इंजिन. मागे पाच गिअरचा गिअरबॉक्स. गवत कापायचा डेक (पात्यांवरचं पत्र्याचं कवच) गंजून त्याची जाळी झालेली, पण चावी फिरवली की इंजिन लगेच धरतं. त्याचं शर्यतीचं मशीन करायचंय, आणि तुमचा पहिला प्रश्न आहे की गव्हर्नर (इंजिनाचे फेरे ठराविक मर्यादेत रोखणारी यंत्रणा) काढून टाकला तर ते किती पळेल.

गव्हर्नर राहू द्या. त्याच्याकडे आपण येऊ, पण शेवटी. मी स्वतः अशी सहा मशीन बांधली आहेत आणि दुसऱ्यांनी बांधलेली त्याहून कितीतरी जास्त उघडून दुरुस्त केली आहेत. पहिल्याच हंगामात मोडलेली मशीन बहुतेक एकाच क्रमाने बांधलेली असतात: आधी इंजिन, मग पुली, मग रंग, आणि ब्रेक-स्टिअरिंगचं ‘नंतर बघू’. तुम्ही हाच क्रम उलटा धरा.

हे यंत्र ताशी आठ-नऊ किलोमीटरने चालायला बनवलेलं आहे. फ्रेमचा पत्रा, पुढचा ॲक्सल, चाकातले प्लॅस्टिकचे बुश (शाफ्टभोवतीच्या नळ्या), ब्रेक, टायर, सगळं त्या वेगाच्या हिशोबाने. वेग तिप्पट केलात, म्हणजे २७ वर नेलात, तर थांबवताना ब्रेकला नऊपट ऊर्जा जिरवावी लागते. पाचपट केलात, म्हणजे ४५, तर पंचवीसपट. आणि या खेळात ४५ म्हणजे फार नाही. ब्रिटनमध्ये १९७३ साली वेस्ट ससेक्समधल्या विस्बरो ग्रीन गावातल्या एका पबमध्ये काही मंडळींनी स्वस्तातली मोटार शर्यत म्हणून हा खेळ रीतसर सुरू केला. बक्षिसाची रक्कम नाही, प्रायोजक नाहीत. तिथली चांगली मशीन ताशी ८० च्या आसपास जातात, आणि त्यांच्या बारा तासांच्या शर्यतीच्या विजेत्यांत फॉर्म्युला वनचा प्रसिद्ध ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसचंही नाव आहे. अमेरिकेत तर इंडियानातल्या ट्वेल्व्ह माइल गावात १९६३ पासून ४ जुलैला मोअर पळतात. होंडाने २०१४ मध्ये ताशी १८७ किलोमीटरचा विक्रम केला होता, तो कुणी तुम्हाला उदाहरण म्हणून सांगेल. त्यात मोटारसायकलचं १००० सीसीचं इंजिन होतं आणि खालची चौकट नव्याने बांधलेली होती, मोअरचं फक्त रूप उरलं होतं. तुमच्या पत्र्याच्या फ्रेमशी त्याची तुलना करू नका.

ग्राइंडर हातात घेण्याआधी ज्या शर्यतीत उतरायचंय तिची नियमावली मिळवा. पाती काढलेली असणं सगळीकडेच सक्तीचं आहे, पण काही वर्गांत डेकचं कवच जागेवर असावं लागतं, काहींत मूळ गिअरबॉक्सच चालतो, काहींत इंजिनाच्या आत काहीच बदललेलं चालत नाही. मी माझ्या दुसऱ्या मशीनचा डेक कापून भंगारात दिला आणि नंतर कळलं की त्या वर्गात तो हवा होता. मग दुसरा डेक शोधण्यात महिना गेला.

खोलायला सुरुवात करताना बॅटरीची ऋण तार आणि स्पार्क प्लगची टोपी काढा, पेट्रोल पूर्ण उतरवा, मगच पात्यांच्या बोल्टला पाना लावा. पात्याला हात लावला की त्याच्यासोबत बेल्ट फिरतो आणि बेल्टसोबत इंजिन. वायरिंगचे फोटो काढून ठेवा. सीटखालचा स्विच, डेकच्या क्लचचा स्विच आणि पेडलचा स्विच अशी साखळी त्यात असते. ती कशी जोडली आहे हे नीट समजलं की पुढचं काम सोपं जातं.

पुढचं काम म्हणजे किल स्विच. मनगटाला किंवा जॅकेटला दोरी बांधायची, तुम्ही सीटवरून उडालात की दोरी सुटते आणि इंजिन बंद. या खेळात सीटबेल्ट नसतो. डोक्यावर पिंजरा नाही, त्यामुळे मशीन उलटलं तर माणूस त्याच्याखाली अडकण्यापेक्षा लांब फेकला गेलेला बरा. म्हणूनच त्या दोरीवर सगळं अवलंबून असतं. इथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. या इंजिनांची ठिणगी मॅग्नेटोची (फिरत्या चुंबकापासून वीज करणाऱ्या सोयीची) असते, बॅटरीची नाही. मॅग्नेटो बंद करायचा तर कॉइलची तार बॉडीला टेकवावी लागते. म्हणजे स्विच तार ‘तोडत’ नाही, ‘जोडतो’. आता विचार करा, थरथरीने ती बारीक तार कुठे तुटली तर काय होईल? इंजिन मस्त चालू राहील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही, पण दोरी ओढल्यावर ते बंद होणार नाही. म्हणून ती तार जाड घ्या, रबरी नळीतून न्या, फ्रेमला ठिकठिकाणी बांधा, बॉडीला टेकणारं टोक रंग खरवडून स्वच्छ लोखंडावर घट्ट करा. आणि प्रत्येक वेळी ट्रॅकवर जाण्याआधी इंजिन सुरू करून दोरी ओढून बघा. मी आजही बघतो.

आता स्टिअरिंग. मशीनचं तोंड ठोकळ्यावर चढवा, पुढची चाकं अधांतरी करा. एका माणसाला स्टिअरिंग घट्ट धरायला सांगा आणि तुम्ही एक चाक दोन्ही बाजूंनी धरून डावी-उजवीकडे हलवा. जुन्या मोअरमध्ये चाक दोन बोटं तरी सहज हलतं आणि वर धरलेल्या माणसाच्या हाताला काहीच कळत नाही. हा ढिलेपणा सगळ्या सांध्यांत थोडा थोडा वाटलेला असतो: स्टिअरिंगच्या दात्यांत, ड्रॅग लिंकच्या (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) टोकांत, किंग पिनच्या (चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिच्या) बुशात, चाकाच्या बुशात. एक सांधा बदलून तो जात नाही. मी सरळ सगळं काढून टाकतो आणि गो-कार्टसारखी थेट रचना करतो: स्टिअरिंगचा सरळ शाफ्ट, खाली वेल्ड केलेला छोटा आर्म, त्याला चाकांकडे जाणारे दोन टाय रॉड आणि दोन्ही टोकांना बॉलचे रॉड एंड (कुठल्याही बाजूला वळणारे सांधे). बोल्ट ८.८ ग्रेडचे, नायलॉक (थरथरीने सैल न होणाऱ्या) नटसकट, आणि शक्य तिथे बोल्ट दोन्ही बाजूंनी पट्टीत धरलेला. रॉड एंडवर मोठा वॉशर टाका, म्हणजे आतला बॉल निसटला तरी टाय रॉड खाली पडत नाही.

चाकांची भूमिती दोरा ताणून बघता येते. चाकं सरळ ठेवा, किंग पिनच्या मध्यापासून टाय रॉडच्या सांध्यावरून मागे दोरा न्या. दोन्ही बाजूंचे दोरे मागच्या ॲक्सलच्या मध्याजवळ मिळायला हवेत. म्हणजे वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं आणि टायर घासत नाही. किंग पिन वरच्या बाजूने मागे कललेला ठेवा, मी दहा अंशांच्या आसपास ठेवतो. मोअरमध्ये तो जवळजवळ उभा असतो. म्हणूनच ताशी २० च्या पुढे गेलं की ते मशीन सरळ रेषेतही भिरभिरतं आणि लोकांना वाटतं टायर खराब आहेत.

स्पिंडलबद्दल, म्हणजे पुढचं चाक ज्या आडव्या दांड्यावर फिरतं त्याबद्दल, थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे मी पडलो आहे. माझ्या पहिल्या मशीनला मी स्टिअरिंग नवं केलं, पण पुढचे स्पिंडल मूळचेच ठेवले. बघायला छान होते, ग्रीस होतं, वाकलेले नव्हते. तिसऱ्या सरावात उजव्या वळणाला पुढचं डावं चाक सुटून माझ्या पुढे पळायला लागलं, मशीन नाकावर बसलं आणि मी पुढे फेकला गेलो. दोरी सुटली आणि मी जमिनीवर लोळत होतो तेवढ्यात इंजिन थांबलंही. नंतर तो तुटलेला तुकडा हातात घेतला. तुटलेल्या तोंडाचा एक भाग तपकिरी, गंज धरलेला होता आणि उरलेला भाग चांदीसारखा चकचकीत. म्हणजे निम्मा स्पिंडल कितीतरी आधीच तडकलेला होता आणि त्या तड्यात पाणी जाऊन गंज बसला होता. त्या दिवशी फक्त उरलेला निम्मा तुटला. गवत कापताना तो अजून दहा वर्षं टिकला असता. तेव्हापासून जुना स्पिंडल मी ठेवतच नाही. पाऊण इंचाच्या चांगल्या पोलादी शाफ्टचे नवीन करून घेतो, जोडावर त्रिकोणी पट्टीचा आधार देतो, आणि चाकात प्लॅस्टिकच्या बुशाऐवजी बॉल बेअरिंग बसवतो.

पुढचा ॲक्सल मधल्या एका पिनवर डुलतो, कारण ओबडधोबड जमिनीवर चारही चाकं टेकावीत अशी ती सोय असते. वेगात वळताना हेच डुलणं मशीनला कलंडवतं. काही जण तो वेल्डच करून टाकतात. मला ते पटत नाही, कारण मग सगळा पीळ पत्र्याच्या फ्रेमवर येतो आणि स्टिअरिंगच्या आधारापाशी तडा जातो. मी दोन बाजूंना जाड बोल्टचे अडसर लावून डुलणं चाकापाशी दीड-दोन सेंटीमीटरवर आणतो.

ब्रेक: मूळचा ब्रेक गिअरबॉक्सच्या कडेला असलेल्या तळहाताएवढ्या चकतीवर असतो आणि तो गिअर व डिफरन्शियलमधून (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमधून) चाकापर्यंत पोहोचतो. आतला एखादा दाता किंवा चाक ॲक्सलला अडकवणारी की (लोखंडी पट्टी) तुटली की ब्रेक गेला. नियम परवानगी देत असतील तर मागचा ॲक्सल एका इंचाचा अखंड घ्या, प्लमर ब्लॉक बेअरिंगवर (फ्रेमला बोल्टने बसणाऱ्या बेअरिंगवर) बसवा आणि त्याच ॲक्सलवर डिस्क आणि गो-कार्टचा हायड्रॉलिक कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा चिमटा) लावा. मूळ गिअरबॉक्सच ठेवायची सक्ती असेल तर चकती आणि पॅड नवे टाका, लिव्हरची लांबी वाढवा, आणि वेगाच्या अपेक्षा त्या ब्रेकच्या मर्यादेत ठेवा. ब्रेक पुरेसा आहे की नाही याची माझी साधी कसोटी: ज्या वेगाने पळायचंय त्या वेगाला, कोरड्या जमिनीवर, मागची चाकं एका पायाने लॉक झाली पाहिजेत. होत नसतील तर पुढचं काम थांबवा.

फ्रेमला मजबुती देणं हे वेल्डिंगचं काम आहे, त्यात फार लिहिण्यासारखं नाही. पत्र्याच्या चॅनेलच्या आतून चौकोनी पाइप सरकवा, इंजिनाखाली ६ मिलिमीटरची प्लेट घ्या, स्टिअरिंगच्या खांबाला दोन तिरपे आधार द्या. बॅटरी आणि इंजिनाच्या वायरी पूर्ण सोडवल्याशिवाय वेल्डिंग करू नका. उंची मात्र मनापासून कमी करा. मोअरवर माणूस गिअरबॉक्सच्या वर, उंच बसतो, आणि वळणावर उलटण्याचं मुख्य कारण तेच. सीट फ्रेमला टेकवा, मागची चाकं लहान घ्या, पुढचा ॲक्सल फ्रेममध्ये वर सरकवा. उभ्या शाफ्टच्या इंजिनाची पुली खाली लटकते, त्यामुळे किती खाली यायचं हे तीच ठरवते. पुलीखाली चार बोटं जागा आणि पोलादी पट्टीचं कवच राहू द्या. पायांसाठी रुंद, कडा वळवलेली पायदानं करा. वळणावर अंग आत झोकून द्यायचं असतं, आणि त्यासाठी पाय घट्ट रोवता आले पाहिजेत.

आता वेग. तो पुलीतून मिळतो, इंजिनातून नाही. हिशोब करून बघा. समजा इंजिनावरची पुली साडेतीन इंचाची आणि गिअरबॉक्सवरची सात इंचाची आहे. इंजिन मिनिटाला ३६०० फेरे घेतं, तर गिअरबॉक्समध्ये १८०० जातात. वरच्या गिअरचं प्रमाण १८ ला १ धरलं तर चाक १०० फेरे घेतं. १८ इंचाच्या टायरचा घेर जवळपास १.४४ मीटर, म्हणजे मिनिटाला १४४ मीटर, ताशी साधारण साडेआठ किलोमीटर. आता इंजिनावर सहा इंचाची आणि गिअरबॉक्सवर चार इंचाची पुली लावा. गिअरबॉक्समध्ये ५४०० फेरे जातात, चाक ३०० फेरे घेतं, आणि तेच मशीन ताशी २६ ला पोहोचतं. इंजिनाचा एक स्क्रूही न हलवता तिप्पट. तुमच्या पुल्या मोजून हाच हिशोब तुमच्या आकड्यांनी करा.

तिप्पट वेग म्हणजे चाकावरची ताकद एक तृतीयांश. सुरुवातीला बेल्ट घसरेल, म्हणून आयडलरची (बेल्ट ताणणाऱ्या पुलीची) स्प्रिंग कडक लागते आणि पुल्यांभोवती बेल्ट धरून ठेवणारे खिळे नीट जुळवावे लागतात, नाहीतर क्लच दाबला तरी बेल्ट पुलीला चिकटून मशीन पुढे सरकतं. हे गिअरबॉक्स चालता चालता गिअर बदलण्यासाठी नसतात. शर्यतीआधी एक गिअर निवडायचा आणि त्यातच शेवटपर्यंत राहायचं. आतलं मूळ घट्ट ग्रीस या वेगाला गिअरवरून उडून भिंतीला चिकटतं आणि दाते कोरडे पळतात. गिअरबॉक्स उघडा, सगळं धुऊन काढा आणि ००  दर्जाचं पातळ ग्रीस भरा. उघडलाच आहे तर डिफरन्शियलचे छोटे गिअर बघा, दात्यांच्या मुळाशी बारीक तडा असेल तर आत्ताच बदला.

आणि आता तुमचा गव्हर्नर. तो इंजिनाला ३६०० च्या आसपास रोखतो. त्याचं एक कारण पात्याच्या टोकाचा वेग मर्यादेत ठेवणं हे असतं, म्हणून लोक म्हणतात की पातीच काढली तर गव्हर्नर कशाला. पण आतला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) ओतीव ॲल्युमिनियमचा असतो. फेरे दीडपट केले, ३६०० चे ५४००, की त्या रॉडवर पिस्टन ओढण्याचा ताण सव्वादोनपट होतो. तो तुटला की क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या कवचाला, भोक पाडून बाहेर येतो आणि गरम तेल तुमच्या नडगीवर. याहून वाईट म्हणजे फ्लायव्हील, इंजिनाच्या शाफ्टवरचं जड चाक. ते ओतीव असतं, पंख्यासकट, आणि तुमच्या गुडघ्यांच्या बरोबर समोर फिरत असतं. फुटलं तर बॉनेटचा पत्रा त्याला अडवत नाही. पुलीचंही तसंच आहे. ओतीव लोखंडी पुलीच्या काठाचा वेग सेकंदाला ३३ मीटरच्या आत ठेवायचा असतो. तुमची सहा इंची पुली ३६०० ला सेकंदाला २९ मीटरवर असते. ५००० ला ती ४० वर जाते.

म्हणून फेरे वाढवायचेच असतील तर एकत्र वाढवा: एकसंध धातूतून कापलेला कनेक्टिंग रॉड, तसंच कापलेलं फ्लायव्हील, कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग, पोलादी पुल्या, त्यानंतर कार्ब्युरेटरचा जेट. यातला एक जरी भाग मागे राहिला तरी गव्हर्नरची स्प्रिंग अडकवायची ती छोटी तार सोडू नका. ती तार सोडायला दोन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यासाठीच सगळे आधी तिथे पोहोचतात. पहिल्या वर्षी इंजिनात फक्त एवढं करा: तेल ताजं, पातळी वरच्या खुणेपर्यंत, कारण आतलं तेल शिंतोड्यांनी उडतं आणि लांब वळणावर एका बाजूला जातं. पेट्रोलच्या नळ्या नव्या, दोन्ही टोकांना क्लॅम्प, हाताला लागेल अशी बंद करायची तोटी. सायलेन्सरचं तोंड पायापासून दूर.

टायर गवताचे असतील तर ते या वेगाला तापतात आणि रिमवर फिरतात. माती असेल तर कार्टचे किंवा एटीव्हीचे घ्या, आणि कडेवर छापलेला कमाल दाब कधीच ओलांडू नका. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, मानेला आधार देणारा कॉलर, घोट्याच्या वर येणारे बूट, हातमोजे. मोकळ्या शेतात नुसता सराव असला तरी हे सगळं घालायचं.

पहिली चाचणी मूळच्याच पुल्यांवर करा. नवं स्टिअरिंग आणि नवा ब्रेक ताशी आठवर आधी समजून घ्या: कुठे आवाज येतो, हात सोडला की मशीन कुठल्या बाजूला ओढतं, ब्रेक दाबल्यावर शेपूट फिरतं का. मग पुल्या बदला. दहा मिनिटं चालवा, थांबा, आणि सगळे बोल्ट पुन्हा तपासा. प्रत्येक नटावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवा, नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. इंजिनाचे बोल्ट आणि मागच्या चाकांच्या हबचे बोल्ट पहिल्या फेरीनंतर सैल झालेले मला दरवेळी सापडले आहेत. घरी आल्यावर मशीन धुऊन कोरडं करा आणि स्टिअरिंगच्या खांबाचं मूळ, स्पिंडलचे जोड, इंजिनाच्या प्लेटचे कोपरे टॉर्चच्या उजेडात बघा. रंगावर केसासारखी बारीक रेघ दिसली तर बोटाने पुसून बघा. पुसली गेली तर ती धूळ होती. नाही गेली तर तो जोड रंग खरवडून उघडा करा, आणि तोपर्यंत मशीन बाहेर काढू नका.